धर्मादाय पुरे, हिशेब मांडा!

पूर आला, दरड कोसळली, की महाराष्ट्राच्या दानशूरपणाला उधाण येते. ट्रक सजतात, ट्रकांवर फलक चढतात, फलकांवर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे चढतात, आणि ज्यांच्या घरावर डोंगर येऊन बसला त्यांच्यापुढे विटलेल्या पँटी, विरलेल्या साड्या आणि मुदत संपत आलेली बिस्किटे ओतली जातात. घेणाऱ्याने हात जोडायचे, देणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहायचे. आठवडा उलटतो, ट्रक परततात, उखडलेला माणूस तिथेच उरतो. या सोहळ्याला आम्ही मदत मानायला तयार नाही. ही देणाऱ्यांची करमणूक आहे, आणि तिचा खर्च संकटग्रस्तांच्या अब्रूतून वसूल होतो.

आमच्या थोर परंपरेचे पुरावे म्हणून हल्ली कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे नाव घेतले जाते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलेच अधिक. सोव्हिएत सत्तेने १९४० पासून त्यांना घरादारातून उचलून सैबेरियाकडे धाडले होते. तिथून सुटून, इराण ओलांडून ही माणसे करवीरच्या भूमीवर पोचली. वॉर्साला कोल्हापूरचे स्मारक आहे, कोल्हापुरातही आहे, आणि दोन्हीकडे ‘अतिथी देवो भव’ची भाषणे झडली आहेत. झडू द्या. मात्र छाती फुगवण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवा, की त्या छावणीच्या खर्चाचा भार लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारने उचलला होता. कोल्हापूरने दिली ती जागा आणि निर्धास्तपणा. त्याची किंमत कमी नाही. पण तिला खैरात म्हणणे खोटेपणाचे आहे.

आणि त्या छावणीत घडले काय? पोलिश भाषेच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटके, बालवीरांची पथके. कारभार पाहणारी माणसे त्यांचीच. परक्या मुलखात, युद्धाच्या ऐन धामधुमीत, आपले जगणे आपल्या हातांनी मांडायला त्यांना मोकळीक होती. उपकार फेडण्यासाठी त्यांना कोणी व्यासपीठावर उभे केले नाही.

पोलिश लोक गेले, आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच. लग्नसराईत अर्धा दक्षिण महाराष्ट्र तिथे कापड घ्यायला जातो, पण या दुकानांच्या पायाखाली निर्वासितांची छावणी होती हे किती गिऱ्हाइकांना ठाऊक आहे? कल्याणच्या लष्करी छावण्यांचे तसेच झाले. १९४९ मध्ये त्यांचे नाव उल्हासनगर ठेवले गेले, आणि तिथले रिक्षावाले आजही ‘कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार’ अशीच आरोळी ठोकतात. त्या बराकींत सुख नव्हते. गोणपाटाचे आडोसे होते, नळावर भांडणे होती, सरकारविरुद्ध मोर्चेही होते. पण सिंधी माणसाने मागे काय सोडले याचा दावा सरकारने लिहून घेतला, तपासला, आणि १९५४ मध्ये संसदेने भरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा केला. सिंधमधले घर बुडाले तरी त्या घराचा कागद दिल्लीत मोजला गेला. हा माणूस देशाचा धनको आहे, एवढे राज्यकर्त्यांनी मान्य केले होते.

आता कोयनेकडे या! इथे ना युद्ध होते, ना फाळणी, ना परका शत्रू. आपलेच सरकार, आपलीच माणसे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडले, शिवसागर भरला, आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातली गावेच्या गावे देव-देव्हाऱ्यांसकट उठली. कोणी सांगली-सोलापूरकडे गेले, कोणी कोकणात ठाणे-रायगडपर्यंत फेकले गेले, कोणी जलाशयाच्या वरच्या अंगाला डोंगरावर चढले. डोंगरावर चढलेल्यांच्या नशिबी पुढे अभयारण्य आले, त्यानंतर व्याघ्रप्रकल्प आला. एकाच आयुष्यात माणसाला किती वेळा ‘ऊठ’ म्हणायचे? कोयनेची वीजनिर्मिती क्षमता १,९०० मेगावॉटवर आहे. त्या विजेवर कारखाने चालले, मुंबईचे दिवे लागले, राज्याचे बडे लोक तिला अभिमानाने ‘महाराष्ट्राची भाग्यरेखा’ म्हणाले. आणि ज्यांच्या शेतावर ही रेखा ओढली त्यांचे वारस २०१८ मध्ये कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. कशासाठी? जमिनीसाठी, नागरी सुविधांसाठी, कोणाला काय मिळाले आणि काय राहिले ते संकलन रजिस्टरात नीट लिहिले जावे यासाठी! अर्ध्या शतकानंतर अजून यादीच पुरी व्हायची आहे!

अज्ञानाची सबब इथे चालणार नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्येच हा प्रश्न सत्याग्रहाने वेशीवर टांगला होता. कोयनेच्या वेळी कायदा नव्हता म्हणता? मग १९७६ मध्ये झाला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करणारे पहिले राज्य म्हणून आपण मिरवलो. १९८६ मध्ये तो पुन्हा केला, १९९९ मध्ये पुन्हा. कायदा सांगतो की ज्याला धरणाचे पाणी मिळते त्याने जमिनीचा वाटा द्यावा आणि ज्याची जमीन बुडाली त्याला तो मिळावा. पण लाभक्षेत्रातला बडा बागायतदार, ज्याची मुले आमदारकीच्या रांगेत उभी आहेत, तो आपली काळी जमीन सोडील होय? त्याने कोर्ट गाठले, तलाठ्याला हाताशी धरले, आणि धरणग्रस्ताच्या वाट्याला मुरमाड, वादातले किंवा दुसऱ्याच्या ताब्यातले तुकडे आले. वर मोबदल्यातली पासष्ट टक्के रक्कम त्या तुकड्यांपोटी कापली जायची. आपलीच बुडालेली जमीन, आणि पर्यायी जमिनीचा दामही आपल्याच खिशातून!

सरकारला धर्मादाय आवडतो तो याचसाठी. ब्लँकेट देणाऱ्याकडे सातबारा मागता येत नाही. मालीणला २०१४ मध्ये डोंगर कोसळला, तळियेला २०२१ मध्ये, इर्शाळवाडीला २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी मदतीचा पूर लोटला, आणि धोक्याच्या वाड्या आधीच हलवायला हव्या होत्या हा सवाल त्या पुरात वाहून गेला. देणाऱ्यांची मने चांगली होती, हे आम्ही मान्य करतो. पण चांगल्या मनाच्या आडोशाला दडून नालायक यंत्रणा सुटते, हे त्यांनी किती दिवस चालवून घ्यायचे?

परदेशातून जीव घेऊन येणाऱ्यांची गत याहून बिकट आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, देशात स्वतंत्र कायदा नाही, आणि २०२५ चा परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदाही निर्वासितांना वेगळे स्थान देत नाही. तिबेटींना आश्रय द्यावासा वाटला, तेव्हा गोंदियाच्या रानात नॉर्ग्येलिंग वसले. द्यावासा वाटला नाही, तिथे कोठडी आहे. २०१९ मध्ये नागरिकत्वाचे दार किलकिले झाले तेही धर्म विचारून. मर्जीवर चालणाऱ्या दयेचे जगातही हेच हाल आहेत: उखडलेल्यांची संख्या बारा कोटींवर गेली असताना २०२५ मध्ये अमेरिकेसह बड्या देणगीदारांनी हात आखडले आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला हजारो पदे कमी करावी लागली. दात्याचा मूड फिरला, की छावणीतली चूल विझते.

म्हणून आमची मागणी रोकडी आहे. निर्वासित कोणाला म्हणायचे, त्याला काम, शाळा आणि दवाखाना कसा मिळायचा, हे ठरवणारा कायदा संसदेने करावा, आणि त्यात धर्माचा रकाना नसावा. महसूल खात्याने कोयनेसह प्रत्येक धरणाचे संकलन रजिस्टर गावठाणाच्या चावडीवर लावावे: कोणाची किती जमीन गेली, बदल्यात किती मिळाली, ताबा कोणाकडे आहे, नावानिशी. हरकती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर फाइल अडेल त्याचेही नाव त्याच फलकावर यावे.

आणि दानशूर मंडळे, संस्था, क्लब यांनाही सांगणे आहे. पैसा खर्चायचाच असेल तर धरणग्रस्तांच्या मोजणीची फी भरा, फेरफारासाठी हेलपाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर जाणकार माणूस पाठवा, लाभक्षेत्रातल्या धनदांडग्याविरुद्ध उभा राहील असा वकील द्या. त्या धनदांडग्यांतले काही जण तुमचेच देणगीदार निघतील. तेव्हा देणगी परत करण्याची तयारी आहे का, तेवढे आधी कळवा.