गाडी कोणाची पळते आणि दंड कोण भरतो?



गळीत हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी, पंढरपूर, मंगळवेढा, कुठल्याही रस्त्याला रात्री उभे राहा. पुढे आरटीओची किंवा पोलिसांची गाडी आडवी, शिट्टी वाजते, हात वर होतो आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी दिवे मालवून आडरस्त्याला लागतो. दुसऱ्या दिवशी चावडीवर चर्चा, ड्रायव्हर लोक फार माजले. साहेब म्हणतात, कायदा कडक करा.

आम्ही विचारतो, कायदा कडक नाही कुठे? मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. अधिकाऱ्याचा कायदेशीर हुकूम मोडला तर कलम १७९ प्रमाणे दंड पूर्वी पाचशेपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो दोन हजार झाला. आणि वजन करायला थांबला नाही, किंवा काट्यावर जाण्याआधी माल उतरवला, तर कलम १९४ चा दंड तीन हजारांवरून एकदम चाळीस हजार! दंड वाढला म्हणून पळणे थांबले, असे आम्हाला तरी रस्त्यावर दिसत नाही.

का दिसत नाही, ते ड्रायव्हरच्या जागी बसून पाहा. थांबला तर जादा वजनाचे वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी हलणार नाही. शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले होते की तोडलेला ऊस तासातासाला पाणी सोडतो, त्यातली साखर मोडू लागते, म्हणून तो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. रस्त्याकडेला टाकलेला ऊस वाळतो, वजन घटते. घटलेले वजन शेतकऱ्याच्या नावावर पडते आणि वाहतुकीचे पैसे टनावर असल्याने गाडीवालाही मरतो. त्याने कारखान्याकडून उचल घेतलेली, ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा. तो पळणार नाही तर काय करणार? पळणे बरोबर आहे असे आम्ही म्हणत नाही. हिशेब त्याला पळायला सांगतो, एवढेच म्हणतो.

आता मुद्द्याची गोष्ट. रात्री पळालेला तोच ट्रॅक्टर सकाळी कारखान्याच्या काट्यावर उभा असतो. तिथे किलोपर्यंत वजन होते, पावती निघते. जादा भरल्याचा पुरावा छापील, तारखेसह, वेळेसह! अंधारात शिट्ट्या मारत पाठलाग करायची गरजच काय? कलम १९४ नीट वाचा. त्यात गाडी चालवणारा एकटा गुन्हेगार नाही. जो ती चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही तितकाच. ट्रॉली भरभरून आणायला लावणारा टनाचा दर कोण ठरवतो? आत घेतो कोण? पण या शब्दांचा आधार घेऊन कायदा रस्त्यावरून कधी गव्हाणीपर्यंत पोहोचला, हे आम्ही पाहिलेले नाही. कायद्याची गाडी दरवेळी ड्रायव्हरच्या सीटपाशीच बंद पडते. आणि दंड भरला तरी तो मुरतो कुठे? तोडणी-वाहतूक आपल्याच बिलातून कापली जाते, शिवाय ड्रायव्हरची 'एंट्री' आपल्याच बांधावर मोजून द्यावी लागते.

पण भावांनो, आपल्या घरचेही झाकून ठेवायचे नाही. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेपचा आवाज इतका की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, अशा ट्रॉल्या आपल्याच आहेत. त्यांच्यावर आदळून मेलेली मोटारसायकलवरची पोरेही आपलीच. आणि २०२२ च्या जानेवारीत मंगळवेढा तालुक्यात वाळूच्या गाडीखाली एक पोलीस शिपाई गेला. तोही कुणा कुणब्याच्याच घरचा असेल. अंगावर गाडी घालणाऱ्याला आमच्या व्यासपीठावर जागा नाही, मग ती गाडी वाळूची असो की उसाची.

अपघात करून पळणाऱ्यासाठी सरकारने नव्या न्याय संहितेत कलम १०६(२) घातले, दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवले गेले. ड्रायव्हर लोकांचे म्हणणे साधे होते: थांबलो तर जमाव जिवे मारतो. हे १९८८ च्या कायद्यालाही माहीत आहे. कलम १३४ सांगते, जखमीला दवाखान्यात न्या. जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे, पण जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत, वर्दी द्या. आमच्या किती ट्रॅक्टरवाल्यांना हे कोणी सांगितले? एका बैठकीत आम्ही हे वाचून दाखवले तर एक जण म्हणाला, साहेब, ठाण्यात गेल्यावर परत सोडतील का? त्याला आमच्याकडे छातीठोक उत्तर नव्हते.

म्हणून आमची मागणी शिक्षा कमी करण्याची नाही. थांबणाऱ्याची सोय करा, अशी आहे. लायसन गणवेशातल्या पोलिसालाच दाखवायचे, हे कलम १३० आहे. लायसन जप्त केले तर पोच मिळाली पाहिजे, हे कलम २०६ आहे. वजनाला न्यायचे तर पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर, हे कलम ११४ आहे. हे सगळे नाक्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. बिनपावतीचा व्यवहार जिथे चालतो तिथे थांबायला कोण धजेल?

आणि आपले काम. प्रत्येक गावाने यंदाच्या वजनाच्या पावत्या जमवायच्या. ट्रॉली कितीची पास आहे आणि काट्याने किती घेतले, हे शेजारी शेजारी लिहायचे. ट्रॅक्टरवाल्याला या कामात बरोबर घ्यायचे, त्याला चोर ठरवायचे नाही. जिल्हा बैठकीला येताना त्या पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन या. मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका.