अ‍ॅप रुग्णांसाठी, मग रुग्णाला विचारणार कधी?

दवाखान्यात नंबरची वाट पाहत असताना एखादी तरुण संशोधक तुमच्याजवळ येते आणि म्हणते, "आम्ही रुग्णांसाठी एक अ‍ॅप तयार करतोय, थोडं बोलाल का?" तुमच्यापैकी बरेच जण "मला मोबाइलमधलं काही कळत नाही, मुलाला विचारा" म्हणून मोकळे होतात. माझी विनंती आहे, असे करू नका. ज्याला मोबाइल जमत नाही, तोच रुग्ण तिला सगळ्यात जास्त शिकवू शकतो.

मुंबईच्या उपनगरांत असे संशोधक आता अधिक भेटतील. पवईच्या आयआयटीत डिजिटल आरोग्यासाठी कोइटा सेंटर आहे. सरकारनेही सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. १४ अंकी 'आभा' क्रमांक तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. आपल्या आजाराच्या नोंदी मोबाइलवर जाणारच आहेत. त्या कशा ठेवायच्या हे ठरवताना रुग्ण तिथे हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

का, ते टीबीच्या उदाहरणाने पाहू. साध्या टीबीच्या गोळ्याही सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. रुग्ण त्या घेतो की नाही हे कळावे म्हणून '९९ डॉट्स' ही पद्धत आली. गोळ्यांच्या पाकिटाला कागदी वेष्टन असते. गोळी बाहेर काढली की आत लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मोफत फोन लावला की गोळी घेतल्याची नोंद होते. कल्पना साधी, स्वस्त आणि बटणांच्या फोनवरही चालणारी.

मात्र मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरमधल्या रुग्णांची लघवी घरी जाऊन तपासली, तेव्हा नोंद आणि लघवीतले औषध यांचा मेळ अनेकदा बसला नाही. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी गोळी घेतली होती, पण नोंद नव्हती. कोणाची नोंद होती, पण लघवीत औषध नव्हते. रुग्णांशी बोलल्यावर अडचणी कळल्या: स्वतःचा फोन नाही, वाचता येत नाही, रेंज नाही, रोज फोन करण्याचा कंटाळा आणि आजार इतरांना कळेल ही भीती.

चुकीची नोंद ही किरकोळ गोष्ट नाही. नियमित गोळ्या घेणाऱ्याला उगाच बोलणी बसतात आणि ज्याच्या गोळ्या सुटल्या आहेत, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. गोळ्या अशा सुटत राहिल्या तर औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो.

फोन नवऱ्याबरोबर कामावर जातो, हे घाटकोपरच्या चाळीतली बाई पाच मिनिटांत सांगेल. तिला आधी विचारायला मात्र हवे. नव्या संशोधकाची अडचणही मला कळते. पीएचडीची मुदत मोजकी असते, शोधनिबंध मोजले जातात, चाळीत बसून ऐकलेले तास कोणी मोजत नाही. तरीही ते तास वाचवून बनवलेले अ‍ॅप पुढे पडूनच राहते.

म्हणून तुम्हाला कोणी विचारले, तर हे प्रश्न जरूर करा:

- एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? संमतीपत्र माझ्या भाषेत आहे का?
- माझी माहिती कोण पाहणार? घरच्यांना, शेजाऱ्यांना कळेल का?
- मध्येच नको म्हटले तर माझ्या उपचारांवर परिणाम होईल का? (होता कामा नये. तो तुमचा हक्क आहे.)
- मी सांगितल्यावर तुम्ही काही बदलणार आहात, की सगळे आधीच ठरले आहे?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे सरळ उत्तर मिळाले तर वेळ द्या आणि न संकोचता बोला. अक्षर बारीक आहे, इंग्रजी कळत नाही, फोन सुनेकडे असतो, असे सगळे सांगा. ती तक्रार नाही, तुमच्यासारख्या पुढच्या रुग्णाला केलेली मदत आहे.