मुलाच्या हातात स्वतःचा पैसा कधी येणार?

दिवाळीनंतरच्या बैठकीत तीन वेगवेगळ्या घरांतून एकच प्रश्न आला. मुलाने आपले बँक खाते कुणाला तरी महिनाभर वापरायला दिले, बदल्यात थोडे कमिशन घेतले आणि आता खाते गोठवले गेले आहे, काय करावे? तिन्ही घरे आपल्या समाजाची. मुले वीस-बावीस वर्षांची. एकालाही आपण गुन्ह्यात सापडू शकतो हे ठाऊक नव्हते.

हा प्रकार फक्त शाहपूरचा नाही, देशभर चालू आहे. कुणाला तरी ऑनलाइन फसवून लुटलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पटापट फिरवला जातो. त्यासाठी खरी, कागदपत्रे पूर्ण असलेली खाती लागतात. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर ‘पार्ट टाइम काम’ म्हणून येते ते पुष्कळदा हेच. फसलेल्या माणसाने १९३० वर तक्रार केली की पैसा गेला त्या वाटेवरच्या खात्यांवर रोक लागते. तक्रार दुसऱ्या कुठल्या राज्यातली असली तरी नाव आणि आधार आपल्या मुलाचे असते, म्हणून चौकशी त्याच्या दारात येते. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देऊन ‘मला माहीत नव्हते’ म्हणणे पोलिसांपुढे फार टिकत नाही. तिघांपैकी एकाने तर आईचे खाते दिले होते. लाडली बहनाचे पैसे त्याच खात्यात येतात.

बैठकीत लगेच सूर निघाला की आजकालच्या मुलांना कष्ट नकोत. आम्हाला हे पटले नाही. तिघांपैकी दोघे घरच्या केळीत राबणारे आहेत. पाणी, खत, पिले कापणे, घडांची निगा, सगळे करतात. पण केळीचा पैसा लागवडीपासून अकरा-बारा महिन्यांनी येतो आणि वडिलांच्या खात्यात येतो. पावती वडिलांच्या नावावर, किसान क्रेडिट कार्डही त्यांच्याच नावावर. मोबाइलचा रिचार्ज, पेट्रोल, मित्राच्या लग्नातला आहेर, सगळ्यासाठी पंचविशीच्या मुलाला हात पसरावा लागतो. आपण ज्याला जोडकमाई म्हणतो, ती त्याच्यासाठी आयुष्यातली पहिलीच कमाई असते. कमिशनचे चार-पाच हजार त्याला मोठे वाटतात ते म्हणून.

हीच निकड त्याला शेअर बाजारातल्या ऑप्शन्सकडेही नेते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. त्यात तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तेव्हा ती एक वाट बंद झाली. ऑप्शन्सची उघडी आहे, आणि ती शिकवणारे रीलवाले अजून जोरात आहेत. त्यांची कमाई बाजारातून किती आणि शिकवणीच्या फीमधून किती, हे मुलांनी एकदा विचारावे.

मग गावात राहून काय करता येईल? सीखो-कमाओ योजना २०२३ पासून आहे. १८ ते २९ वयाच्या, बारावी किंवा आयटीआय ते पदवीधरांपर्यंत मुलांना काम शिकताना महिना आठ ते दहा हजार विद्यावेतन मिळते. अडचण एवढीच की शिकवणारी आस्थापने बहुतेक मोठ्या शहरांत, आणि तिथल्या खोलीभाड्यातच निम्मे पैसे जातात. केळीच्या खोडापासून धागा काढून टोपल्या, चटया, टोप्या करण्याचे काम आपल्या जिल्ह्यात महिलांच्या बचत गटांनी उभे केले आहे. त्यातली कष्टाची बाजू, म्हणजे खोडे वाहून आणणे, यंत्र चालवणे, माल पोचवणे, मुलांना करता येईल. ते करत नाहीत, कारण ‘ते बायकांचे काम’. या नाजूकपणाला आमच्याकडे उत्तर नाही. मुली मात्र शिवणकाम, मेंदी, शिकवण्या यांतून कधीच्या कमवत आहेत, फक्त घरात ते कुणी मोजत नाही.

आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती आंतरपिकाची वाट. केळीची नवी बाग पहिले दोन-तीन महिने मोकळीच असते. कांदेबागेत तेव्हा हरभरा, कोथिंबीर निघते. हे पीक मुलाच्या नावाने सोडावे: बियाणे त्याचे, विक्री त्याची, पैसा त्याच्या खात्यात. एक काळजी मात्र घ्यावी. टरबूज, काकडीसारखी वेलवर्गीय पिके केळीत घेऊ नयेत, कारण सीएमव्ही हा रोग त्यांच्यावर वाढतो आणि मावा तो केळीवर आणतो. लवकर पैसा दिसतो म्हणून मुले नेमके टरबूजच सुचवतील.

बैठकीत एका काकांनी विचारले, ‘सगळे त्याचेच तर आहे, वेगळा पैसा कशाला?’ उद्या त्याचे होईल, हे खरे. पण आखाजीला सालदाराशी बसून वर्षाचा आकडा ठरतो, त्याची उचल ठरते, सुट्या ठरतात. त्याच शेतात त्याच्या बरोबरीने राबणाऱ्या मुलाचे काहीच ठरत नाही. येत्या आखाजीला सालदार उठून गेला की मुलाला समोर बसवावे आणि त्याचाही आकडा ठरवावा, मग तो महिन्याला दोन हजारांचा का असेना.

ज्या तीन घरांतली खाती अडकली आहेत, त्यांनी थांबू नये. बँकेत लेखी अर्ज देऊन कुठल्या ठाण्याच्या सांगण्यावरून रोक लागली ते लिहून घ्यावे, कमिशन देणाऱ्याचे सगळे मेसेज जपून ठेवावेत, एकही पुसू नये, आणि वकिलाला घेऊन आपणहून पोलिसांकडे जावे. खाते मोकळे करून देतो म्हणून पैसे मागणारे आता फोन करू लागले आहेत. त्यांना एक रुपयाही देऊ नये.