नेम दुर्बिणीचा

मित्रामित्रांत पैज लागली की साध्या गोष्टीलाही रंग चढतो. कुणी पत्त्यांवर पैज लावतो, कुणी क्रिकेटवर, तर कुणी एका बैठकीत किती जिलब्या संपवणार यावर. पण मंडळी, पाखरे पाहण्याची पैज कधी ऐकली आहे? थंडी पडली की आपल्याकडे अनेक शहरांतून अशा पैजा लागतात. नियम अगदी सुटसुटीत. तिघाचौघांचा एक गट. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हिंडायचे, दिसेल त्या पाखराची जात वहीत टिपायची, आणि संध्याकाळी चहाच्या टेबलावर वह्या उघडायच्या. जास्त जाती ज्यांच्या, ते जिंकले. मुंबईत २००५ साली संजॉय मोंगा आणि रवी वैद्यनाथन यांनी अशा शर्यतीला ‘बर्ड रेस’ म्हणून रीतसर रूप दिले आणि मग ती गावोगाव पसरली.

आता यात गंमत अशी, की या खेळाचा पूर्वज फार क्रूर होता. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी मित्रांचे गट बंदुका घेऊन बाहेर पडत. संध्याकाळी ज्यांच्या ढिगात जास्त जनावरे आणि पाखरे, ते विजयी. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने सुचवले, की पैज तशीच ठेवू, फक्त मारण्याऐवजी मोजू. त्या नाताळात अवघे २७ जण मोजायला निघाले. आज तीच गणना सव्वाशे वर्षांची झाली आहे. माणसाची ईर्ष्या काही सुटत नाही, पण तिला वळण लावता येते, हे यावरून पटते.

अशी पैज लावायला हावड्यासारखे गाव शोधून सापडायचे नाही. हावडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूल येतो, स्टेशनची गर्दी येते, गिरण्या-कारखाने येतात. पाखरे काही येत नाहीत. पण नागपूरमार्गे हावडा मेलने किंवा गीतांजलीने गेलेल्यांनी आठवून पाहावे. हावडा यायच्या थोडे आधी सांत्रागाछी स्टेशन लागते. त्या स्टेशनाच्या अगदी जवळ एक तळे आहे, सांत्रागाछीची झील. आकाराने तीसेक एकर, जागा दक्षिण-पूर्व रेल्वेची, भोवती दाट वस्ती. आणि या गजबजाटात दर हिवाळ्यात हजारो रानबदके मुक्कामाला येतात.

‘सैबेरियाहून आलेले पाहुणे’ असे त्यांचे कौतुक होते. पण पैजेत उतरणाऱ्याने जरा बारकाईने पाहावे. यांतली बहुसंख्य बदके असतात अडई. बंगालीत त्यांना ‘सराल’ म्हणतात. तपकिरी अंगाची, उडताना शीळ घालणारी ही बदके आपल्याच देशातली. पावसाळ्यात भातखाचरांच्या नि पाणथळींच्या आसपास जोडीजोडीने पिल्ले वाढवायची आणि थंडीत मोठ्या तळ्यावर थव्याने जमायचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम. खरे लांबचे पाहुणे म्हणजे गडवाल, तलवार बदक असे मोजके. ते थव्यात मिसळून बसलेले असतात. हजार अडयांत एक तलवार बदक हुडकून काढणे, यातच पैजेचा कस लागतो.

दुसरे मैदान शिबपूरचे वनस्पती उद्यान. १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड यांनी स्थापलेल्या या बागेला २००९ पासून आचार्य जगदीशचंद्र बसूंचे नाव आहे. तिथला अडीचशे वर्षांहून जुना वड सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचे मूळ खोड १९२५ साली काढून टाकावे लागले, पण पारंब्यांवर तो अजून उभा आहे. सकाळ झिलीवर आणि दुपारनंतरचा वेळ बागेत घालवला, तर पाण्यातली आणि झाडावरची, दोन्ही पाखरे एकाच दिवसात वहीत येतात.

मराठी माणसाला इथे आणखी एक मजा आहे. पाखरे ओळखीची, नावे मात्र बंगाली. आपला दयाळ तिथे ‘दोयेल’, साळुंकी ‘शालिक’, टिटवी ‘हट्टिटी’. आपला खंड्या म्हणजे ‘माछरांगा’, आणि तोच पश्चिम बंगालचा राज्यपक्षी; आपला हरियल, तसा त्यांचा खंड्या. सर्वांत बहार पावशाची. आपल्याकडे तो शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ सांगतो. बंगालमध्ये तोच पक्षी त्याच सुरात ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’ म्हणून ओरडतो! पाखरू एक, पण ऐकणाऱ्याचा कान आपापल्या मातीचा.

अशा पैजेत हमखास दोन पक्ष पडतात. एक वहीवाला, दुसरा कॅमेरेवाला. वहीवाला म्हणतो, “मी पाहिले, संपले.” कॅमेरेवाला म्हणतो, “फोटो दाखव, मग मानतो.” फोटोचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. पंखावरचा पट्टा, चोचीचा रंग घरी निवांत पाहता येतो आणि वाद मिटतो. पण सगळीच पाखरे फोटोला उभी राहत नाहीत. पावशा तर दिसण्याआधी ऐकूच येतो. म्हणून मित्रांच्या पैजेत शेवटी शब्दावर विश्वास ठेवावाच लागतो. संशय असेल ते नाव ज्याचे त्याने स्वतःच खोडावे. हा एवढा प्रामाणिकपणा नसेल, तर या खेळात काहीच उरत नाही.

आणि खरी काळजी पुढेच आहे. फोटोची ईर्ष्या वाढली की कॅमेऱ्याची पुन्हा बंदूक व्हायला वेळ लागत नाही. घरट्यातली पिल्ले नीट दिसावीत म्हणून आडोशाच्या फांद्या बाजूला केल्या जातात. मग ऊन आणि कावळा, दोघांनाही वाट मोकळी होते. मोबाइलवर आवाज लावून नराला चिथवून पुढे आणले जाते. तो बिचारा नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात आपली सकाळ घालवतो. उडता थवा टिपण्यासाठी कुणी खडा मारतो. अडईला याचा फार त्रास. ती मुख्यतः रात्री चरणारी. संध्याकाळी तळ्यावरून उठायचे, आसपासच्या शेतांत आणि पाणथळीत पोट भरायचे आणि उजाडताना परतायचे. म्हणजे दिवसाची झील ही तिची झोपायची खोली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भरदुपारी दहा वेळा उठवले, तर तो त्या घरात किती दिवस राहील?

त्या खोलीतली खाट म्हणजे जलपर्णी. ऐकायला विचित्र वाटेल, कारण जलपर्णी म्हणजे तळ्याचा शत्रू. ती सगळीकडे माजली की उघडे पाणी उरत नाही आणि बदकांना उतरायलाच जागा मिळत नाही. पण ती साफ खरवडून काढली, तर बसायला आधार राहत नाही. म्हणून झिलीवर हिवाळ्याआधी जलपर्णी काढतात, पण तिची काही बेटे मुद्दाम राखून ठेवतात. त्या बेटांवर अडया ओळीने बसलेल्या दिसतात. हे काम वेळेत झाले नाही, किंवा प्रमाण चुकले, की पाखरे पाठ फिरवतात. भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी आणि कचरा यांचा प्रश्न तर २०१० नंतरच्या दशकात राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

मग पाखरे कमी झाली की वाढली, हे कळते कशावरून? कुणीतरी दरवर्षी मोजले असेल तरच. कोलकात्याच्या ‘प्रकृति संसद’ या संस्थेचे सभासद वर्षानुवर्षे या झिलीवर मोजणीला जातात. देशभरात हौशी लोकांनी अशाच भरलेल्या याद्यांतून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ साली तयार झाला. सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी! त्यातून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवे, असे दिसून आले. त्या तीस हजारांत सगळे शास्त्रज्ञ नव्हते. निवृत्त झालेले, नोकरी करणारे, कॉलेजातले, असे तुमच्याआमच्यासारखेच पुष्कळ होते.

तेव्हा घरच्या घरी किंवा चार मित्रांत पैज लावायची असेल, तर काही नियम आधीच ठरवा. जातींबरोबर संख्याही मोजा; थवा मोठा असेल तर दहाचा एक ठोकळा नजरेत बसवा आणि तसे ठोकळे मोजा. दोघांनी वेगवेगळे मोजून मग आकडे ताडून पाहा. ऐकलेले पाखरू धरा, पण वहीत ‘ऐकले’ असे लिहा. घरट्याचा फोटो बाद. आवाज लावला तर गट बाद. थवा उठवला तर त्या दिवसाचा चहा त्याच्याकडून.

मुहूर्त हवा असेल तर दोन आहेत. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० साली पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला आहे. दुसरा मुहूर्त फेब्रुवारीच्या मध्याचा. तेव्हा चार दिवस जगभर पाखरे मोजली जातात. हावड्याची झील असो की तुमच्या गावचा पाझर तलाव, दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास जा. आणि वही टाकून देऊ नका. हार-जीत चहाबरोबर विसरली जाईल. पण दहा वर्षांनी तलावावर बांधकाम करायची टूम निघाली आणि ‘इथे पाखरे येतातच कुठे’ असे कुणी विचारले, तर तारखेनिशी दाखवायला तुमच्यापाशी तेवढी वहीच असेल.