आधी किसा, मग पिळा

संत्र्यांचा हंगाम आला की आमच्या नागपुरात गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर सालींचे ढीग दिसतात. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या बागाइतदारांनी पाण्याची ओढाताण सोसून, डिंक्या रोगाशी झुंजून हे फळ पिकवलेलं असतं. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला अभिमानही आहे. मग त्याचा सगळ्यात सुगंधी भाग ओल्या कचऱ्यात का जातो? लिंबू पिळण्याआधी, फळ खाण्याआधी वरची साल काढून ठेवायची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आंबटगोड चव रसात असते, पण खरा वास सालीत. साल दुमडून दाबली की बारीक तुषार उडतात. लहानपणी आपण एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो ना, तेच. ते पाणी नव्हे, तेल आहे. सालीवर सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसतात, त्या या तेलाच्या पिशव्या. त्याखालचा पांढरा थर कडू. म्हणून किसणी रंगापुरतीच फिरवायची, पांढरं दिसलं की फळ वळवायचं. त्यासाठी वेगळं काही विकत आणायला नको, जायफळाची किसणी पुरते. लिंबू, मोसंबी तिच्यावर छान किसली जातात. संत्र्याची साल सुटी असल्यामुळे दबते. ती सोलून, आतलं पांढरं चमच्याने खरवडून, उरलेला पापुद्रा सुरीने अगदी बारीक चिरावा.

हा कीस कशात घालायचा? सुधारसाचा पाक खाली उतरवून लिंबाचा रस घालतो, तेव्हाच त्यात चिमूटभर घाला. श्रीखंडासाठी मी संत्र्याचा कीस आधी पिठीसाखरेऐवजी साध्या साखरेत बोटांनी चोळते. साखरेच्या कणांनी तेल सुटतं, साखर ओलसर, केशरी होते आणि घरभर वास सुटतो. मग ती चक्क्यात मिसळायची. पोहे, शिरा, काकडीची कोशिंबीर यांतही लिंबाचा कीस उत्तम लागतो. मात्र हे तेल उडून जाणारं, त्यामुळे गरम पदार्थात तो गॅस बंद केल्यावरच घालावा.

साल जपून ठेवणं आपल्याला नवं नाही. दिवाळीच्या उटण्यासाठी माझ्या सासूबाई संत्र्याच्या साली सुपात पसरून सावलीत वाळवायच्या. लिंबाच्या लोणच्यात तर आपण सालीसकट फोड खातो. पण वाळवल्यावर सालीचा ताजेपणा बराच जातो. अशी पूड चहाच्या मसाल्यात किंवा केकमध्ये चालते, श्रीखंडात नाही. ताजा वास हवा तर कीस ताटलीत पातळ पसरून फ्रीझरमध्ये कडक करावा आणि घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत भरावा. मग गोळा होत नाही, लागेल तेवढाच चिमटीत निघतो आणि काही महिने सहज टिकतो. डबीवर फळाचं नाव आणि तारीख लिहावी, कारण लिंबाचा कीस कुठला आणि मोसंबीचा कुठला, हे नंतर ओळखू येत नाही. किसलेलं फळ लवकर सुकतं. ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं.

एक खबरदारी मात्र हवीच. दूरवरून येणाऱ्या चकचकीत फळांवर मेणाचा थर असतो, बुरशीनाशकही असू शकतं आणि ते धुऊन पूर्ण जाईलच असं नाही. अशी फळं खाण्यापुरती ठेवावी. किसण्यासाठी जवळच्या बागेतली, न चमकणारी फळं विचारून घ्यावी आणि कोमट पाण्यात चोळून, पुसून, कोरडी करून किसावी. गिऱ्हाईक विचारायला लागलं, तर विक्रेताही बिनमेणाचा माल वेगळा ठेवील.

यासाठी वेळ कुठून काढायचा, असं अनेकजणी विचारतात. डझनभर लिंबं एकदम किसत बसायची गरजच नाही. आज वरणभातासाठी जे एक लिंबू चिरणार आहात, तेवढंच आधी धुऊन किसा आणि फ्रीझरमध्ये एक डबी ठेवा. महिन्याभरात ती आपोआप भरेल.