हौसेचा हिशेब कोण मागतो?

चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने सुरांच्या पट्ट्यांवर बोटे ठेवली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "आता या वयात शिकून काय करणार?" दुसरा प्रश्न अधिक सभ्य, पण तितकाच जाचक: "परीक्षा कोणती देताय?" या दोन्ही प्रश्नांविरुद्ध आमची तक्रार आहे.

हौशी वादनाचे जगन्मान्य वाद्य पियानो. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरात मात्र तो शोधत फिरू नये. दोनशेहून अधिक पोलादी तारा आणि नमद्याचे हातोडे यांचे कोकणच्या पावसाशी जमायचे कसे? तारा गंजतात, लाकूड फुगते आणि सूर लावणारा जाणकार गावात मिळत नाही. पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तेवढ्या कोकणाने केव्हाच आपल्याशा केल्या. पॅरिसमध्ये जन्मलेली, कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या हाती बैठकीची झालेली बाजाची पेटी आमच्या वाड्यावाड्यांतून पोहोचली. दिवसभर शेतात राबलेला किंवा दुकान सांभाळलेला माणूस रात्री भजनात 'काळी चार' धरून बसतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. हल्ली भजनांच्याही स्पर्धा होतात, ढाली वाटल्या जातात, हा भाग वेगळा.

जाणकारांचा शब्द अखेरचा मानणाऱ्यांनी एक इतिहास आठवावा. १९४० साली आकाशवाणीने पेटीला हद्दपार केले. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे ठरीव सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे आक्षेप खोटे नव्हते. ही बंदी सैल होण्यास १९७१ उजाडले. पण त्या एकतीस वर्षांत घराघरांतील पेट्या वाजतच होत्या. पडवीत बसून स्वतःपुरते वाजवणाऱ्याला मींड निघते की नाही याची चिंता कधी पडली होती?

परीक्षांशी आमचे वैर नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या पायऱ्या असोत की ट्रिनिटी कॉलेजच्या आठ श्रेणी असोत, मुलांना त्यांनी शिस्त लागते. मात्र संसाराच्या, नोकरीच्या, मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा देऊन थकलेल्या बाईने एक साधी चाल आपल्यापुरती, चुकत-माकत वाजवावी म्हटले, तर तिच्यापुढे अभ्यासक्रम कशाला धरता?

आणखी एक वकील अलीकडे पुढे सरसावला आहे. तो म्हणतो, वाजवू द्या, रक्तदाब उतरतो, स्मरणशक्ती टिकते. हा पाठीराखा आम्हांला विरोधकाहून अधिक अवघड वाटतो. औषध म्हणून परवानगी मिळालेला आनंद गुण येईनासा झाला की बंद करायचा काय? जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९४८ साली निवांतपणावर एक छोटे पुस्तक लिहिले. उद्याच्या कामासाठी आज घेतलेला दम हादेखील कामाचाच भाग, खरी फुरसत त्याहून निराळी, हे त्यांचे म्हणणे. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या, रात्रंदिवस उभारणीत गुंतलेल्या देशात त्यांनी ते मांडले, हे विशेष.

आम्ही ख्रिस्ती मंडळी तरी कोठे उदार आहोत? मिस्सेला, सणाला, लग्नाला वाजले तर वाद्याचे सार्थक, एरवी चैन! रविवारचा विधी संपला की कीबोर्डवर आच्छादन पडते आणि खोलीला कुलूप. देवळातल्या पेटीचीही अनेक गावांत हीच गत. आमची मागणी लहान आहे. आठवड्यातील एका संध्याकाळी ती किल्ली मागणाऱ्या प्रौढाच्या हाती द्यावी. तो गायकवृंदात येईल का, सणाला वाजवील का, हे विचारू नये.

वाद्य बिघडेल, अशी भीती विश्वस्त घालतील. त्यांनी पावसाळाभर मिटून ठेवलेली एखादी पेटी आश्विनात उघडून पाहावी. भात्याला बुरशी आलेली असते, पितळी सुरांवर हिरवट थर चढलेला असतो आणि निम्म्या पट्ट्या दाबल्या तर वर येत नाहीत.