प्राध्यापकाची खुर्ची कशासाठी?

निकालाचे दिवस आले की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. कुणी बसवर कंडक्टर, कुणी महापालिकेच्या सफाई खात्यात, कुणी चार घरची धुणीभांडी करून मुले शिकवणारी. हातात मुलाची गुणपत्रिका असते आणि प्रश्न एकच असतो, कुठली लाइन घ्यावी?

परवा अशाच एक बाई आल्या. म्हणाल्या, "दादा, पोरीला मार्क चांगले आहेत. इंजिनिअर होते म्हणते. पण पुढं पर्यावरण इंजिनिअरिंग करून प्राध्यापक व्हायचंय तिला. मास्तरकीच करायची तर इंजिनिअर कशाला व्हायचं? दहा वर्षं शिकायचं आणि मग खडू घेऊन उभं राहायचं?"

बाईंचा प्रश्न रास्त आहे. ज्या घरात महिन्याचा हिशेब वीस तारखेलाच संपतो, त्या घराने असा प्रश्न विचारलाच पाहिजे. आम्ही त्यांना एका प्राध्यापकाची हकिगत सांगितली. ती अमेरिकेतली आहे, पण आहे नळाच्या पाण्याची. म्हणून ती आमच्या सर्व वाचक बंधू-भगिनींना कळावी असे वाटते.

आधी हे शास्त्र म्हणजे काय ते पाहू. पर्यावरण इंजिनिअरिंग म्हणजे नुसती झाडे लावणे नव्हे. पिण्याचे पाणी शुद्ध कसे करायचे, मैलापाणी कुठे न्यायचे, कचऱ्याचे काय करायचे, हवा घाण कशाने होते, याचे हे शास्त्र. ही घाण प्रथम कुणाच्या दारात येते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

या शास्त्राचे एक प्राध्यापक म्हणजे मार्क एडवर्ड्स. 1986 मध्ये त्यांनी जीवभौतिकीची पदवी घेतली. मग वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठात पर्यावरण इंजिनिअरिंग घेऊन 1988 मध्ये एम.एस. आणि 1991 मध्ये पीएच.डी. केली. काही वर्षे कोलोरॅडो विद्यापीठात शिकवून 1997 मध्ये ते व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात आले. त्यांचा अभ्यासाचा विषय ऐकायला अगदी नीरस आहे. नळाचे पाईप आतून का गंजतात? या एका प्रश्नावर माणसाने उभी उमेद घातली.

तो प्रश्न किती मोठा आहे, हे राजधानी वॉशिंग्टनमध्ये दिसून आले. तिथल्या जुन्या घरांना शिशाच्या नळ्यांतून पाणी येते. शिसे हा विषारी धातू. पाण्यात उतरला तर त्याला रंग नसतो, वासही नसतो. लहान मुलाच्या मेंदूवर तो घाला घालतो. मूल शिकण्यात मागे पडते, चिडखोर होते, आणि आईबापांना वाटते की पोरच मठ्ठ आहे. शिशाचे थोडे प्रमाणही मुलांना सुरक्षित नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते.

वॉशिंग्टनमध्ये 2000 च्या अखेरीस पाणी निर्जंतुक करण्यासाठी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरू लागले. हेतू चांगला होता. पण शिशाच्या नळीत आतून बसलेला थर या बदलाने सुटू लागला आणि शिसे पाण्यात उतरले. एडवर्ड्स त्या वेळी तिथल्या घरांतल्या तांब्याच्या नळांना बारीक भोके का पडतात, याचा तपास करीत होते. तपासता तपासता त्यांना शिसे सापडले. 2004 च्या जानेवारीत वर्तमानपत्राने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. मग सी.डी.सी. या सरकारी आरोग्य संस्थेने एक अहवाल काढला. त्यावरून लोकांचा असा समज झाला की मुलांना फारसा अपाय झालेला नाही.

एडवर्ड्स यांना ते पटले नाही. सरकारी काम हातून गेले, तरी त्यांनी तपास सोडला नाही. स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर घातले. आपल्याकडे 2005 मध्ये माहितीचा अधिकार आला. तिकडेही तसा कायदा आहे. त्याखाली अर्जांवर अर्ज करून त्यांनी कागद मागितले. 2007 मध्ये त्यांना 5 लाख डॉलरची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. 2009 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध करून दाखवून दिले की वॉशिंग्टनमधल्या लहान मुलांच्या रक्तात त्या काळात शिसे वाढले होते. 2010 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने त्या सरकारी अहवालावर कडक ठपका ठेवला. सहा वर्षे गेली. तोवर ती मुले शाळेत जाऊ लागली होती.

आता दुसरे शहर पाहू. मिशिगन राज्यातले फ्लिंट. मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेले आणि कारखाने गेल्यावर खंगलेले हे गाव. 2014 च्या सुमारास वस्ती जवळपास एक लाख. निम्म्याहून अधिक लोक काळे, आणि दहातले चार जण दारिद्र्यरेषेखाली होते. गिरण्या बंद पडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या गावाचे वेगळे वर्णन नको. शहराची तिजोरी रिकामी झाली म्हणून राज्याने तिथे एक प्रशासक बसवला. लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती काही उरले नाही. पैसे वाचवायचे म्हणून 25 एप्रिल 2014 रोजी डेट्रॉइटहून येणारे सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू केले.

नदीचे पाणी पाईप खाणारे होते. अशा पाण्यात थोडे फॉस्फेट घालतात. त्याचा पातळ लेप नळीत आतून बसतो आणि शिसे पाण्यात उतरत नाही. फ्लिंटमध्ये ते घातलेच नाही. नळाला तांबूस, वासाचे पाणी येऊ लागले. लोक बाटल्या भरभरून सभांना घेऊन आले. त्यांना उत्तर मिळाले, पाणी चांगले आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट घडली. मोटारीचे इंजिन बनवणाऱ्या कारखान्याने तक्रार केली की या पाण्याने आमचे सुटे भाग गंजतात. कारखान्याला दुसरे पाणी घ्यायची मुभा मिळाली. लेकरांना तेच पाणी आणखी एक वर्ष प्यावे लागले. इंजिनाचा गंज दिसला, मुलांचा दिसला नाही. असे का व्हावे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

ली-ॲन वॉल्टर्स नावाची एक चार मुलांची आई तिथे राहत होती. मुलांच्या अंगावर पुरळ उठू लागले, धाकट्याची वाढ खुंटली. ती काही शास्त्रज्ञ नव्हती. पण तिने शहराचे पाण्याचे अहवाल स्वतः वाचायला घेतले. 2015 च्या फेब्रुवारीत तिच्या नळाची तपासणी झाली. अमेरिकेत तेव्हा एक अब्ज भाग पाण्यात 15 भाग शिसे आढळले की कारवाई करावी असा दंडक होता. तिच्या घरी 104 भाग निघाले, पुढच्या महिन्यात 397. केंद्रीय पर्यावरण खात्यातले मिगेल डेल टोरल या अधिकाऱ्याने तिचे म्हणणे ऐकले आणि एडवर्ड्स यांच्याशी तिची गाठ घालून दिली. व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेत तिच्या घरचे 30 नमुने तपासले. एका नमुन्यात 13,200 भाग शिसे होते! 5,000 च्या वर गेले तर त्याला घातक कचरा म्हणतात.

मग प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन फ्लिंटला गेले. त्या विद्यार्थ्यांत भारतातून शिकायला गेलेला सिद्धार्थ रॉय हाही होता. ऑगस्ट 2015 मध्ये त्यांनी गावात 300 संच वाटले. प्रत्येक संचात तीन बाटल्या. रात्रभर नळ बंद ठेवायचा. सकाळी पहिली धार एका बाटलीत, 45 सेकंदांनी दुसरी, दोन मिनिटांनी तिसरी. यातली पहिली धार महत्त्वाची. सरकारी तपासणीत लोकांना आदल्या रात्री नळ सोडून ठेवायला सांगत असत. त्याने साचलेले शिसे वाहून जाई आणि कागदावर पाणी शुद्ध ठरे. खोटे न बोलताही खोटे असे लिहिता येते! बाटल्या गावातल्याच बायाबापड्यांनी दारोदार फिरून गोळा केल्या. अडीचशेहून अधिक परत आल्या. निकाल दंडकाच्या वर गेला.

सप्टेंबरमध्ये मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे पुढे ठेवले. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगत होते. अधिकाऱ्यांनी आधी नाकारले, मग कबूल केले. 16 ऑक्टोबर 2015 रोजी डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले. 2021 मध्ये न्यायालयाने 62 कोटी 60 लाख डॉलरच्या भरपाईला मान्यता दिली. शिशाच्या नळ्या बदलण्याचे काम मात्र 2025 पर्यंत चालले. मुलांच्या मेंदूत गेलेले परत काढता येत नाही, ते कोणत्याच भरपाईने येत नाही.

बाईंना आम्ही इथे थांबून विचारले, "हे काम नगरपालिकेच्या इंजिनिअरला का नाही जमले?" त्या चटकन म्हणाल्या, "त्याला नोकरी सांभाळायची होती ना!"

अगदी बरोबर. आणि प्राध्यापकाची खुर्ची याचसाठी असते. अमेरिकेच्या विद्यापीठात आधी असिस्टंट प्रोफेसर म्हणून काही वर्षे परीक्षा पाहतात. त्यात टिकला की कायम करतात. मग केवळ वरच्यांना न आवडणारे सत्य बोलला म्हणून त्याला काढता येत नाही. समाज ही सुरक्षा त्याच्या आरामासाठी देत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी बोलावे, म्हणून देतो. पुष्कळ जण ती खुर्ची मिळाली की गप्प बसतात. निबंध मोजतात, अनुदान मोजतात, बढती मोजतात. 2017 मध्ये एडवर्ड्स आणि सिद्धार्थ रॉय यांनी मिळून याच दुखण्यावर निबंध लिहिला. बक्षिसांच्या चढाओढीत विद्वान माणूस सचोटी कशी गमावतो, हे त्यात मांडले आहे.

आम्ही या माणसाला देव्हाऱ्यात बसवीत नाही. पुढे फ्लिंटमधल्याच काही कार्यकर्त्यांचे त्यांच्याशी बिनसले. 2018 मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रारीचे जाहीर पत्र निघाले. एडवर्ड्स यांनी काही जणांवर बदनामीचा दावा लावला, तो 2019 मध्ये न्यायालयाने फेटाळला. गोरगरिबांसाठी झटलेल्या माणसालाही त्यांची टीका ऐकून घेणे जड जाते, हेही त्यातून शिकावे. आणि हे विसरू नये की पहिला प्रश्न प्राध्यापकाने विचारला नव्हता, आईने विचारला होता. 2018 मध्ये त्या आईला गोल्डमन पुरस्कार मिळाला. प्राध्यापकाचे मोठेपण एवढे की त्याने तिला वेड्यात काढले नाही. तिच्या बाटलीतले पाणी तपासले.

आता आपल्या घरचे. मुलीला बारावीनंतर सिव्हिल किंवा केमिकल इंजिनिअरिंगला जाता येते. पदवीनंतर गेटची परीक्षा देऊन पर्यावरण इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करता येते, गेटमधून प्रवेश मिळाला तर विद्यावेतनाची सोय असते. मग पीएच.डी. नागपूरला 1958 पासून चाललेली नीरी ही राष्ट्रीय संस्था याच विषयाची आहे. एकूण दहा-अकरा वर्षे लागतात, हे खरे. तोवर घरावर ताण पडतो, हेही खरे. म्हणून जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. प्रवेशाच्या वेळी धावपळ करून कित्येकांची वर्षे वाया गेलेली आम्ही पाहिली आहेत.

बाई उठल्या. गुणपत्रिका पिशवीत ठेवताना म्हणाल्या, "आमच्या नळाला सकाळी पहिली पाच मिनिटं गढूळच पाणी येतं. पोरगी रोज कुरकुरते. मी म्हणायची, सोडून दे थोडं, मग भर."

आम्ही म्हटले, "बाई, उद्या ते पहिलं पाणी तिला बाटलीत भरू द्या."